इंग्रजी सबटायटल्सवर भागत नाही

असं म्हणतात की ब्रिटनमधल्या पाकिस्तानी चित्रपट महोत्सवात इंग्रजी सबटायटल्स दिली की काम झालं. तरुणांपुरतं ते खरं आहे. पण ब्रॅडफर्डसारख्या शहरात बरीच कुटुंबं काश्मीरच्या पाकिस्तानकडच्या भागातल्या मीरपूरची, घरात पहाडी-पोठवारी बोलणारी. तिथे पश्तो किंवा सिंधी लघुपट लावला तर ज्या वडीलधाऱ्यांना उर्दू वाचता येतं पण इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठी उर्दू ओळी हव्यातच. मात्र नस्तालिकमधली (उर्दूच्या नेहमीच्या तिरप्या लिपीशैलीतली) एसआरटी फाइल, म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल, तशीच चालवायला देऊ नका. उजवीकडून डावीकडची लिपी बऱ्याच प्लेअरना झेपत नाही: प्रश्नचिन्ह ओळीच्या भलत्या टोकाला जातं, अक्षरं सुटी पडतात. शिवाय नस्तालिकमध्ये शब्द तिरपा खाली उतरतो, म्हणून दोन ओळी एकमेकींत घुसतात. अंतर वाढवून प्रत्येक ओळीचं पीएनजी चित्र करा आणि ते डीसीपीत (थिएटरात चालवायच्या डिजिटल फिल्मच्या फाइल-संचात) घाला, नाहीतर फिल्मवरच कायमची छापून घ्या.

दुसरी गोष्ट फ्रेमरेटची, आणि घोळ खरा इथेच होतो. पाकिस्तानात टीव्हीसाठी केलेलं काम बहुधा पाल या टीव्ही पद्धतीचं, सेकंदाला २५ फ्रेमचं. तेच फ्रेम २४ च्या डीसीपीत चालवले की ९० मिनिटांची फिल्म पावणेचार मिनिटांनी लांबते आणि जुन्या वेळांची सबटायटल्स शेवटी तेवढी आधी उमटतात. पहिल्या मिनिटाला फरक जेमतेम अडीच सेकंदांचा, म्हणून घाईच्या चाचणीत तो सुटतो. शेवटची दहा मिनिटं थिएटरातच लावून बघा.