प्रतिसाद: पामवरचे शब्दखेळ

वर कोणीतरी म्हटलंय की पाम या खिशातल्या छोट्या संगणकावरचे अक्षरांचे खेळ म्हणजे चित्रं दाखवता येत नव्हती म्हणून केलेली तडजोड. मला नाही पटत. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, तोही काळा-पांढरा, हे खरं. पण झॉर्कसारख्या, नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या साहसखेळात अंधारं तळघर वाक्यांतूनच उभं राहतं, तिथे चित्राचं काय काम? आणि असे खेळ चालवणारं फ्रॉट्झ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की १९८० च्या आसपासचे संगणकावरचे हे खेळ जसेच्या तसे हातात चालायचे. एकेका खेळाची फाईल जेमतेम शंभरेक केबीची, माझ्या पाम एम१०० ची मेमरी २ एमबी. दोन पेन्सिल सेल घातले की आठवडे निघायचे.

जळगाव-नंदुरबार पॅसेंजरमध्ये मी आणि मावसभाऊ हँगमन खेळायचो, म्हणजे एकेक अक्षर सांगत लपवलेला शब्द ओळखायचा, चुकलं की फासावरच्या माणसाचा एकेक अवयव काढला जायचा. एकाने शब्द भरून पाम दुसऱ्याकडे द्यायचा. मशीनला देवनागरी येत नव्हती, मग अहिराणी शब्द रोमन अक्षरांत. धरणगावला सुरू केलेला शब्द अमळनेर गेलं तरी सुटेना. एकच जागा उरलेली, फासावरच्या माणसाचा एक पाय बाकी. आंडोर की आंडेर? मुलगा की मुलगी? मी 'ओ' काढला, अन् मेलो!

खरी कटकट ग्राफिटीची, म्हणजे पामवर पेनाने अक्षरं काढून लिहायच्या पद्धतीची. 'ए' म्हणजे आडवी रेघ नसलेला, नुसता उलटा व्ही. गाडी हलली की भलतंच अक्षर उमटायचं, आणि भाऊ म्हणायचा, चाल परत नाही.