मदत हवी आहे: पाणीपट्टीचा दर नक्की कोण ठरवतं, महापालिका की राज्य सरकार?

मंडळी, आमच्या सोसायटीचं पाण्याचं बिल यंदा चांगलंच फुगलंय आणि एजीएममध्ये सगळे माझ्याच अंगावर येणार, म्हणून जरा कायद्याची बाजू समजून घ्यायचीय. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर "वरून आलंय" एवढंच उत्तर, वरून म्हणजे कुठून ते काही कळेना.

माझ्या माहितीप्रमाणे धरणातून उचललेल्या पाण्याचा ठोक दर २००५ च्या कायद्याने आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, पण नळाचा दर महापालिकेचा. मुंबईत तर २०१२ मध्ये स्थायी समितीने दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढवायचा अधिकार आयुक्तांनाच देऊन टाकला, म्हणजे नगरसेवकांनी आपणहून हात झटकले असंच म्हणायचं ना! वर मलनिस्सारण आकार पाणी आकाराच्या ७० टक्के, म्हणजे पाणी वाढलं की गटारही आपोआप वाढलं. आमच्या बिलातही असाच काहीतरी टक्का लावलाय, पण मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा वेगळा आणि आम्ही राज्यातल्या बाकी महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात.

आता मुद्दा असा की त्या १९४९ च्या कायद्यातल्या कलम ४५१ खाली महापालिकेचा ठराव सरकार निलंबित करू शकतं, तर दरवाढीचा ठरावही त्यात बसतो का? आणि प्रशासक असताना झालेली वाढ नवीन सभागृहाला फिरवता येते का? कोणी माहिती अधिकारात दरवाढीचा ठराव मागवला असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं तेही सांगा. वकील मंडळी असतील तर प्लीज.