सोळा तासांच्या उपासात चिडचिड, संकष्टीला मात्र नाही. असं का?

खिडकी_तीन:
बँकेत काउंटरला बसते, वय ४४. दोन महिने १६:८ चालू आहे. रात्री आठला शेवटचा घास, दुसऱ्या दिवशी बाराला डबा. वजन तीन किलो उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण साडेदहा वाजले की डोकं फिरतं. काल एका आजोबांनी पासबुक पुन्हा छापून मागितलं आणि मी खेकसलेच. ते काही बोलले नाहीत, टोपी नीट करून निघून गेले. रात्रभर तेच डोळ्यांसमोर.

संकष्टीला मी चंद्रोदयापर्यंत जेवत नाही. त्या दिवशी आवाजही चढत नाही. मग इथेच काय होतं? वर बाराला डबा उघडला की हात आवरत नाही, शेजारणीच्या चकल्याही मीच संपवते.

खिचडीप्रेमी:
एकादशी अन् दुप्पट खाशी! संकष्टीला दुपारी साबुदाणा असणार.

खिडकी_तीन:
नाही हो, पित्त होतं. चहा मात्र सकाळी एक, दुपारी एक.

जुनाट_फार्मासिस्ट:
आणि १६:८ मध्ये सकाळचा चहा?

खिडकी_तीन:
बंद. दूध-साखर चालत नाही ना. चारला एक घेते, तेवढाच.

जुनाट_फार्मासिस्ट:
मग हिशोब करा. दुपारी चार ते सकाळी साडेदहा म्हणजे साडेअठरा तास. सवय असलेल्या माणसाला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड सुरू होते. चहा नामानिराळा राहिला आणि उपास बदनाम झाला! नऊला बिनसाखरेचा काळा चहा घेऊन बघा. शुगरची गोळी चालू असेल तर मात्र आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली गेली तरी माणूस असाच चिडतो.

आडगावची_मावशी:
चकल्यांचं वेगळं आहे गं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. चिडायचे तर खरेच, शिवाय पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. तुझी काही तशी उपासमार नाही, पण रात्रीचं जेवणही कमी केलंयस का? आणि संकष्टीला घड्याळ बघतेस का सारखं? त्या दिवशी खायचं नाही हे ठरलेलंच असतं, रोज नव्याने मनाशी भांडावं लागत नाही.

खिडकी_तीन:
मावशी, पकडलंत. रात्रीच्या दोन पोळ्या कमी केल्या होत्या. गोळी काही नाही.

खिडकी_तीन (पाच दिवसांनी):
पोळ्या परत सुरू. काळा चहा विषासारखा लागतो, पण साडेदहाला डोकं शांत असतं. आजोबा अजून आले नाहीत, एक तारखेला येतील पेन्शनला. चकल्या सुटल्या नाहीत. दिवाळीच्या आहेत, संपेपर्यंत थांबावं म्हणते.