अक्षरे येतात, शब्द जुळत नाही

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार,

आमच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला मुळाक्षरे तोंडपाठ आहेत. परंतु ‘घर’ हा शब्द दाखवला की ती ‘घ’, ‘र’ असे सुटे म्हणून थांबते. इंग्रजी वाचतानाही हेच होते. परभणीहून आई सांगते की रोज घोकून घ्या. तसे करावे का?

---

प्रिय ताई,

घोकंपट्टी वाढवू नका, ही कळकळीची विनंती. अंबाजोगाईला बालवाडीत शिकवताना अशी कितीतरी लेकरे मी पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांना अक्षर ओळखू येते, पण शब्दातले ध्वनी कानाने वेगळे करण्याची सवय झालेली नसते.

आपल्या लिपीत सुट्या व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असतो. ‘घर’ म्हणताना मात्र ‘र’मधला ‘अ’ गळतो आणि घ्, अ, र् असे तीनच ध्वनी उरतात. त्यामुळे मुलगी म्हणते ते ‘घ’, ‘र’ आणि रोज ऐकते ते ‘घर्’ यांचा मेळ तिला लागत नाही.

सुरुवात पाटीशिवाय करा. अंताक्षरी खेळा, ‘च’ची भाषा बोला, ‘मला’चे ‘चलाम’ करताना लेकरू शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवते, म्हणजे शब्द मोडायला आणि जोडायला शिकते. ते जमले की चिंचोके घ्या (नसतील तर राजमा चालेल). ‘माळ’ हा शब्द लांबवून म्हणा आणि म्, आ, ळ् अशा प्रत्येक ध्वनीला एक चिंचोका पुढे सरकवायला सांगा. मग शेवटचा चिंचोका बदलून ‘ळ्’च्या जागी ‘ल्’ आणा आणि कोणता शब्द झाला ते विचारा. ‘माल’ हे उत्तर तिला स्वतःहून सापडू द्या, आपण घाईने सांगू नका.

माझ्या वर्गातला एक मुलगा घरच्या बोलीप्रमाणे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असे. त्याची बोली मी कधी चुकीची ठरवली नाही. ‘मन’ आणि ‘मण’ यांतला फरक केवळ ऐकून ओळखण्याचा खेळ त्याच्याशी खेळत राहिले.

अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० सालच्या अहवालानुसार ध्वनींचा हा सराव अक्षरांशी जोडला आणि एका वेळी एकदोनच कौशल्यांवर भर दिला तर अधिक उपयोगी ठरतो. म्हणून ध्वनी ऐकू येऊ लागताच चिंचोक्यांच्या जागी अक्षरांच्या चिठ्ठ्या ठेवा. दिवसाला दहा मिनिटे पुरेत.

सर्दीने तिचे कान वारंवार दडत असतील, तर आधी ऐकण्याची तपासणी मात्र अवश्य करून घ्या.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका