गाइड कॅप्टन मिळेना तेव्हा
नियम सारखे बदलतात म्हणून स्काउटमास्टर, म्हणजे स्काउट पथक चालवणारे शिक्षक किंवा स्वयंसेवक, टिकत नाहीत, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. शिबिरात दोन जबाबदार मोठी माणसं हवीत, पालकांची लेखी संमती हवी, यात कुरकुर कशाला? खरी ओढाताण माणसांची आहे. मुलींच्या गाइड पथकाला कॅप्टन, म्हणजे पथकप्रमुख, बाईच लागते. इथं कोल्हापुरात आमच्या पथकाच्या बाईंची बदली झाली आणि द्वितीय सोपान, म्हणजे गाइडची दुसरी पायरी, झालेल्या मुली दोन वर्षं तिथंच अडकल्या. फार वाईट वाटायचं.

शेवटी एका मुलीची आई कॅप्टनसाठीचा बेसिक कोर्स करून आली. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी, भर पावसात, ओल्या दोरीवर ती क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाला दोरी बांधायची गाठ, पुन्हा पुन्हा बांधून दाखवत होती. एकही मुलगी जागची हलली नाही. पालकसभेत आयांना सरळ विचारून बघा. आम्ही विचारलं तेव्हा तिघी तयार झाल्या.