माकडहाडाची गाठ: सुई इथंच घालून घ्यावी का?

परभणीकर:
वडील ६२ वर्षांचे, जिंतूरकडं शेती. वर्षभरापासून, बसलं की माकडहाड दुखतंय. आधी मूळव्याधीची औषधं झाली, मग गादी सरकली म्हणून पट्टा. आता बाजेवर एका कुल्ल्यावर बसतात, संडासला कुंथावं लागतं. एमआरआयमध्ये सेक्रमला (माकडहाडाच्या लगेच वरचं हाड) ६ सेंमीची गाठ, पुढं 'कॉर्डोमा?' असं लिहिलंय, म्हणजे हाडाचा एक दुर्मिळ कॅन्सर. इथले डॉक्टर म्हणतात, उद्याच सुई घालून तपासणीला तुकडा काढू.

वसमतची लेक:
दादा, थांबा! माझ्या आईला हेच होतं. घाईत सुई घातली, जागा चुकली. पुढं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला सुईची ती अख्खी वाट कापून काढावी लागली, कारण वाटेत गाठीच्या पेशी सांडतात. जो ऑपरेशन करणार, त्यालाच विचारून सुई. गुदद्वारातून तर मुळीच नको. ही गाठ वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होते, वाढते हळू; आठवडाभरानं काही बिघडत नाही. मात्र लघवी तुंबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परभणीकर:
ताई, केमोनं विरघळत नाही का?

वसमतची लेक:
नेहमीच्या केमोला ही दाद देत नाही. गाठ न फोडता अखंड काढायची, गरज पडली तर नंतर रेडिएशन. सेक्रम किती वरून कापतात त्यावर लघवी-संडासचा ताबा ठरतो, हे आधीच स्पष्ट विचारा. आम्ही देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटा हॉस्पिटलला गेलो. एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको. आणि वडिलांसाठी मधे भोक असलेली उशी घ्या, गाडीत लई कामी येते.