आर्मिनियस रोमनांवर का उलटला?

प्रश्न: इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात रोमन सुभेदार वारुसच्या तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) गारद झाल्या. त्या हल्ल्याचा सूत्रधार आर्मिनियस चेरुस्की या जर्मन टोळीचा असला, तरी तो रोमन नागरिक होता आणि रोमच्या सैन्यात अधिकारी म्हणून लढलाही होता. मग तो फिरला कशामुळे?

उत्तर १: कारण वारुसच्या कारभारात शोधावे. ऱ्हाइनपलीकडचा मुलूख पुरता मुठीत आलेला नसतानाच तेथे करवसुली आणि रोमन पद्धतीचे न्यायनिवाडे सुरू झाले, हे टोळ्यांना झोंबले. चेरुस्की सरदार सेगेस्टेसने वारुसला सावधही केले होते. त्याने ते कानाआड केले.

उत्तर २: मात्र 'सगळे जर्मन विरुद्ध सगळे रोमन' असे चित्र रंगवू नये. सेगेस्टेस पुढे आर्मिनियसचा सासरा झाला, तोही मनाविरुद्ध! आर्मिनियसचा भाऊ फ्लावुस तर रोमच्या चाकरीतच राहिला. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनानुसार इ.स. १६ मध्ये हे भाऊ वेझर नदीच्या दोन काठांवरून एकमेकांशी बोलले. रोमसाठी लढताना एक डोळा गमावलेल्या फ्लावुसने त्याबद्दल मिळालेली पगारवाढ आणि मानचिन्हे सांगताच, गुलामगिरीचा हा मोबदला फारच स्वस्त आहे, असे म्हणून आर्मिनियस हसला. संवाद टॅसिटसने सजवला असावा, पण घरातली फूट खरी वाटते.

प्रश्नकर्ता: म्हणजे त्याचा शेवटही घरच्यांकडूनच झाला असेल?

उत्तर २: होय. तो राजा होऊ पाहतो, या संशयावरून नातलगांनीच त्याला मारले.